गच्चीवरचं जीवामृत

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच पावसाळ्यात माझी बादलीत लावलेली हळद कुजली. गाव काळ्या मातीचं, काठी खोचली तरी फुटावी असं. पण माझा हातच असा. चौथीत असताना मी धने न रगडताच कोथिंबीर पेरली होती. ती अजून उगवायची आहे. नाद मात्र सुटला नाही, आणि रासायनिक खताला हात लावायचा नाही ही शपथही.

निवृत्तीनंतर जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, डोक्यात शिरलं. शेतकरी 200 लिटर पाण्याचं करतात, मी 20 लिटरचा हिशेब मांडला: शेण 1 किलो, गोमूत्र लिटरभर, गूळ आणि बेसन 200-200 ग्रॅम, शिवाय बांधावरची मूठभर माती. गूळ-बेसन घरातूनच उचललं. रात्री पिठल्याऐवजी आमटी आली. आमटीसोबत काय काय आलं ते इथे लिहीत नाही.

गोमूत्रासाठी पहाटे स्कूटरवरून हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेचा संगम तिथे, त्यामुळे लोकांना वाटलं मी दर्शनाला आलोय. गोठ्यात गाईसमोर बादली धरून उभा राहिलो. गवळी बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, मागनं धरा की. म्होरनं काय घावणार?" मागे गेलो. पाऊण तास झाला तरी गाय निवांत रवंथ करतेय. कंटाळून बादली खाली ठेवली, घाम पुसायला रुमाल काढला, आणि तेवढ्यात तिनं कार्यभाग उरकला. बादलीत थोडं, पायजम्यावर बरंच. "पायजमा पिळा," गवळी म्हणाला. चेष्टा होती, पण क्षणभर मी विचार केला.

मिश्रण सावलीत ठेवून वर गोणपाट टाकायचं, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, एवढं सोपं. पण वासाबद्दल कुणी बोलायला नको म्हणून मी रंगाच्या डब्याचं घट्ट झाकण ठोकून बसवलं. गूळ खाऊन जिवाणू वायू सोडतात हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. त्यात मे महिना, सांगलीचं ऊन, आणि सावली दुपारी डब्यावरून सरकून पलीकडे गेलेली.

पलीकडे पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. दोन जुनी पातळं भरून, पांढऱ्याशुभ्र.

आवाज फटाक्यासारखा झाला. मी वर पोचलो तेव्हा झाकण पाण्याच्या टाकीवर होतं आणि कुरडया नाचणीच्या वाटत होत्या. काकू काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी एक कुरडई उचलली, नाकाजवळ नेली आणि परत ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिने परस्पर शब्द दिला: कुरडया आम्ही करून देणार, गहू भिजवण्यापासून. चिकासाठी गहू तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलावं लागतं. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी त्या आंबूस वासानं जिना भरून गेला. सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात हजर.

"काका, परत सुरू केलंत का?"

आतून हिचा आवाज आला, "नाही हो, या खेपेचं खायचं आहे."