माझी गोष्ट अर्धीच सांगू नका

आज ताईकडे जेवायला गेले होते आणि अर्ध्या ताटावरून उठून आले. कधी करत नाही असं, अन्नाचा अपमान वगैरे सगळं मलाही शिकवलंय, पण आज नाही बसवलं. दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून इथे लिहितेय.

भाची 26 वर्षांची आहे, स्वतःचं कमावते, ऑगस्टमध्ये एकटीने बोलिव्हियाला, ला पाझला जायचं म्हणतेय. भर जेवणात सगळ्यांनी घेरलं पोरीला. आणि सगळं बोलून झाल्यावर काढलं काय, तर "मावशीचं काय झालं होतं आठवतंय ना? परक्या देशात भर रस्त्यात पडली होती."

अरे पण ती गोष्ट माझी आहे ना! माझ्यासमोर, मला न विचारता, अर्धीच सांगताय?

हो, पडले होते, तिथेच, ला पाझमध्ये. ला पाझ साधारण 3,600 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षा उंच, आणि विमान उतरतं ते त्याच्याही वर, एल आल्तोला, 4,000 मीटरच्या पुढे. पहिला दिवस गुपचूप पडून राहायचं असतं. मी राहिले नाही, ही माझी चूक. सामान टाकलं आणि सान फ्रान्सिस्को चर्चपासून ते उभे चढ चढत रॉद्रिगेस बाजाराकडे निघाले. डोकं ठणकायला लागलं, पायातला जीव गेला, आणि एका बाईच्या बटाट्याच्या ढिगाशेजारी जी खाली बसले ती उठताच येईना. सोरोचे म्हणतात तिकडे या उंचीच्या त्रासाला.

आमच्या घरात गोष्ट इथे संपते. पुढचं कोणी विचारलंच नाही इतक्या वर्षांत.

पुढचं हे आहे. त्या बाईने, तिकडे कासेरा म्हणतात अशा बाजारवाल्या बाईला, स्वतःचं स्टूल काढून मला त्यावर बसवलं. अंगात घेरदार पोयेरा, म्हणजे तिकडचा घागरा, डोक्यावर गोल हॅट, पाठीवर दोन लांब वेण्या. माझी बॅग उचलून माझ्याच मांडीवर ठेवली आणि माझे हात त्यावर दाबले, म्हणजे सांभाळ. पलीकडच्या चहावालीला हाक मारून कोकाच्या पानांचा चहा मागवला, "पोको आ पोको, मामिता", म्हणजे हळूहळू गं बाळे, असं म्हणत घोट घोट पाजला. मामिता! माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठी असेल. मला स्पॅनिश चाळीस शब्द येत होते, तिचं निम्मं बोलणं आयमारा या तिथल्या मूळ भाषेत, काही अडलं नाही.

अर्ध्या तासाने मला जरा बरं वाटतंय बघून तिने माझ्या पुढ्यात शेंगांचा ढीग ओतला. आपल्या वालाच्या शेंगांपेक्षा मोठ्या, आत मऊ पांढरी लव. सोल म्हणाली. मी दोन तास शेंगा सोलत बसले होते ला पाझच्या बाजारात, आणि गिऱ्हाईक "यापिता, कासेरा" म्हणालं की ती वरून मूठभर दाणे घालायची, अगदी आपली भाजीवाली कोथिंबीर घालते तसे. ते बघून मला रडू आलं होतं. आत्ता टाइप करतानाही येतंय.

आता म्हणाल, सगळ्यांनाच अशी बाई भेटत नाही. बरोबर आहे. खोट्या टॅक्सीत बसवून लुटल्याचे प्रकार तिथे झालेत, रस्त्यावरची कुठलीही गाडी थांबवायची नाही, रेडिओ टॅक्सी फोन करून बोलवायची, हे मी भाचीला तुमच्या आधी सांगितलंय. झालं समाधान?

पण एक सांगा, माझ्यासोबत नवरा, भाऊ, ग्रुप कोणी असतं तर त्या बाईने मला स्टूल दिलं असतं का? सोबतच्यांनी टॅक्सीत घालून हॉटेलवर नेलं असतं आणि मी ते शहर खिडकीतून पाहून परत आले असते. मी एकटी होते म्हणून तिने मला आपल्यात घेतलं. एवढं साधं का कळत नाही आपल्या माणसांना?

आणि बाईमाणसाने काय करावं हे या बायकांसमोर बोलून दाखवा. काही दशकांपूर्वीपर्यंत त्यांना त्यांच्याच शहरातल्या चांगल्या हॉटेलांत शिरू देत नव्हते, पोयेरा नेसतात म्हणून. 2019 च्या जानेवारीत त्यांच्यातल्याच काही जणी तो पोयेरा नेसूनच अर्जेंटिनातल्या 6,961 मीटरच्या अकोंकाग्वाच्या शिखरावर गेल्या. तोच घागरा, तिथपर्यंत!

चौथ्या दिवशी मी तेलेफेरिकोच्या लाल लाइनने एल आल्तोला वर गेले. केबल कार आहे, पण पर्यटकांसाठी नाही, आपली लोकल तशी रोजची. समोर एक बाई रंगीत आग्वायोत, म्हणजे तिकडच्या विणलेल्या कापडात, बाळ पाठीला बांधून, मांडीवर कांद्याची पिशवी. खाली सगळं विटांचं शहर, पलीकडे बर्फाचा इलिमानी डोंगर. उतरताना तिने खूण करून माझ्या बॅगेची उघडी राहिलेली चेन दाखवली.

हेही कोणी सांगत नाही घरी.

ताई, तू हे वाचशील माहितीये. तुला भीती वाटते ते कळतं गं, मी पहिल्यांदा गेले तेव्हा तू रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी होतीस, ते मी विसरले नाहीये. मगाशी आवाज चढवला त्याबद्दल सॉरी. पण पोरीला भीती घालायला मला वापरू नकोस.

उद्या संध्याकाळी येते. तो बाजारातून आणलेला आग्वायो कपाटातून काढून ठेवलाय, भाचीला देणार आहे. आणि कोणी उठायचं नाही, अख्खी गोष्ट सांगणार आहे, शेंगांसकट.