बसालेलाचे हात

गेले दोन आठवडे आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘खऱ्या ख्रिस्ती माणसाने कलेपासून दूर का राहावे?’ खाली पाच मुद्दे. चित्र काढणं म्हणजे ‘मूर्ती करू नकोस’ या दुसऱ्या आज्ञेचा भंग. गाणंबजावणं भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशातून आलं, म्हणून कलेचं कसब ही सैतानाची देणगी. सौंदर्य व्यर्थ असल्याचं शास्त्रच सांगतं. शोभेवरचा खर्च म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास. आणि आपल्या वाडवडिलांनी ख्रिस्त स्वीकारताना अभंग, तबला, रंग सगळं मागं टाकलं. शेवटी ‘दहा विश्वासणाऱ्यांना पाठवा’. खाली आमेनची रांग. मी वाचलं आणि सोडून दिलं. तिथंच माझं चुकलं.

कारण तोच मेसेज माझ्या बहिणीच्या मुलीपर्यंत पोचला. पोरगी इथंच कोल्हापुरात चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा गेले, तर जिन्याखाली तिच्या स्केचबुकांचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवलेला, रद्दीवाल्याला द्यायला. सगळ्यात वर आज्जीचे भाकरी थापणारे हात होते, कोळशानं काढलेले. पेरांवरचं पीठ दिसावं म्हणून तेवढा कागद तिनं कोरा सोडला होता. “मावशी, हे पाप असलं तर गं?” एवढंच म्हणाली. म्हणून लिहायला बसले.

आधी काइनाचं बघू, कारण पोरीला लागलं ते हेच. तुझ्या बोटांतलं कसब सैतानाचं, असं कोवळ्या मुलीला सांगायचं आणि तेही वचनाच्या नावानं! बायबलातल्या उत्पत्तीचा चौथा अध्याय काढा. युबाल हा वीणा आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष आणि तो काइनाच्या वंशातला, हे खरं. पण मेसेज लिहिणाऱ्यानं त्याच्या अलीकडची आणि पलीकडची ओळ का गाळली? युबालाचा भाऊ याबाल हा तंबूत राहून गुरं पाळणाऱ्यांचा मूळपुरुष. तिसरा तुबल-काइन, तांब्यालोखंडाची हत्यारं घडवणारा. पहिलं नगर वसवलं ते तर खुद्द काइनानं. वंशावरून धंद्याला पाप ठरवायचं असेल तर तंबूत राहिलेल्या अब्राहामालाही ठरवा, आणि शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं दिवस काढणाऱ्या आपल्याच भावांनाही ठरवा. दावीद तर मेंढरंही राखायचा आणि वीणाही वाजवायचा. त्याच्या वीणेनं शौल राजाला छळणारा दुरात्मा निघून जायचा, असं पहिल्या शमुवेलाच्या सोळाव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. सैतानाच्या देणगीनं दुरात्मा कसा पळेल?

आता बायबलातल्याच निर्गमाचा ३१वा अध्याय. मेसेजात या अध्यायाचं नावसुद्धा नाही, आणि माझं सगळं म्हणणं याच अध्यायावर उभं आहे. देव मोशेला सांगतो की यहूदा वंशातल्या उरीच्या मुलाला, बसालेलाला, मी नाव घेऊन बोलावलंय आणि माझ्या आत्म्यानं भरलंय. कशासाठी भरलंय? संदेश सांगायला नाही, लढाईला नाही. सोन्यारुप्याचं आणि पितळेचं काम करायला, रत्नं कोरून जडवायला, लाकडावर नक्षी काढायला. त्याच्या जोडीला दान वंशातला अहलियाब. पुढं पस्तिसाव्या अध्यायात तर त्या दोघांना इतरांना शिकवण्याची बुद्धीही देवानं दिली असं येतं, आणि तिथंच हातानं कुशल असलेल्या बायका निळं, जांभळं, किरमिजी सूत कातून आणतात. म्हणजे कला शिकवणं आणि शिकणं, दोन्ही देवाच्या आत्म्याच्या कामात आलं. आमची पोरगी रोज सकाळी बोर्ड काखोटीला मारून जाते ते याहून वेगळं काय करायला?

याजकाच्या वस्त्रांबद्दल अठ्ठाविसाव्या अध्यायात सांगितलंय की ती गौरवासाठी आणि शोभेसाठी करावीत. शोभेसाठी! झग्याच्या घेरावर रंगीत सुताची डाळिंबं आणि सोन्याची घुंगरं, एक डाळिंब, एक घुंगरू. ज्या देवाला घेराची किनार कशी हवी हे सांगावंसं वाटलं, त्याला सौंदर्याचं वावडं आहे हे मला कुणी पटवू शकणार नाही.

दुसऱ्या आज्ञेबद्दल. आज्ञा वाचायची तर पुढच्या वचनासकट वाचा: त्यांच्या पाया पडू नकोस, त्यांची सेवा करू नकोस. पाचच अध्यायांनंतर तोच देव कराराच्या पवित्र कोशावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, करायला सांगतो. पण इथं एक गोष्ट मला कबूल करावी लागते. मोशेनं देवाच्या सांगण्यावरून केलेल्या पितळी सापाला पुढं लोक धूप जाळायला लागले आणि हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. तेव्हा भीती अगदीच पोकळ नाही. आपल्या जुन्या मंडळ्यांनी भिंती कोऱ्या ठेवल्या त्यामागं हीच काळजी होती, आणि तिचा मी मान ठेवते. पण हिज्कीयानं साप फोडला, मंदिरातली कोरीव ताडाची झाडं आणि उमललेली फुलं नव्हे. आपलं मिशन प्रेस्बिटेरियन. त्या परंपरेचा मूळ शिक्षक कॅल्विन. देवाची मूर्ती करण्याला त्याच्याइतका विरोध क्वचितच कुणी केला असेल, तरी शिल्प आणि चित्र ही देवाची देणगी आहे असं त्यानंच लिहून ठेवलंय.

‘लावण्य व्यर्थ’ हे नीतिसूत्रे ३१ मधलं वचन बायकोच्या पारखीबद्दल आहे. त्याच अध्यायात ती सद्गुणी बाई स्वतःसाठी वेलबुट्टीची आच्छादनं करते आणि जांभळी वस्त्रं नेसते. यावर जास्त बोलायची गरज नाही.

गरिबांच्या घासाचा मुद्दा मात्र मनाला टोचतो, आणि टोचावा. पण बेथानी गावात एका बाईनं येशूच्या डोक्यावर ओतायला सुगंधी तेलाची कुपी फोडली तेव्हाही लोक हेच कुरकुरले होते, तीनशे दीनारांना विकून गरिबांना देता आलं असतं म्हणून. येशूनं गरिबांना विसरा असं सांगितलं नाही. वाटेल तेव्हा तुम्हाला त्यांचं भलं करता येईल, असं तो म्हणाला. पण त्या बाईचा हात त्यानं अडवला नाही. तिनं केलं ते चांगलं, असं म्हणताना मूळ ग्रीकमध्ये ‘कालोन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ चांगलं, आणि सुंदरही.

राहिले वाडवडील. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेबांनी कोल्हापुरात मिशन सुरू केलं, पण आज रविवारी आपण गातो काय? रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आणि अभंग. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस सांगायचा की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणाशी आलो. पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कीर्तनं झाली ती आपल्याच महाराष्ट्रात. गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्तप्रेम सेवा आश्रमात राहून साडीतली मरिया रंगवत होते. कुणी काय मागं टाकलं?

स्केचबुकांचा गठ्ठा मी रद्दीवाल्याला नेऊ दिला नाही. माझ्या खाटेखाली आहे. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवला, त्यांनी येत्या रविवारी उपासनेनंतर थोडं थांबावं आणि निर्गम ३१ त्या पोरीला स्वतः वाचून दाखवावा. मी तिला घेऊन येते.