ठसा सापडला, बरं मग?

आज संध्याकाळी एका वाहिनीवर घरफोडीची बातमी चालू होती. कपाट उघडं, साड्या जमिनीवर, आणि त्या साड्यांवर उभा राहून वार्ताहर सांगतोय, "पोलिसांना चोराचे ठसे मिळालेत, आता तो सुटत नाही." हे सांगताना त्याचा डावा हात कपाटाच्या दारावर. मागे शेजारीपाजारी येऊन तिजोरीचा कप्पा ओढून बघतायत. कुणाचे ठसे मिळाले म्हणायचे, बाबा? तुझे?

ठसा मिळाला म्हणजे गुन्हा सिद्ध, हे खूळ कुठून आलं कळत नाही. कोर्टानं ते अगदी सुरुवातीलाही डोळे मिटून मान्य केलं नव्हतं. १८९७ साली बंगालात जलपायगुडी जिल्ह्यातल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. पेटी फोडलेली. पेटीत निळ्या कागदी वेष्टनाचं एक बंगाली पंचांग, त्यावर दोन पुसट तपकिरी डाग. त्यातला एक म्हणजे रक्ताळलेल्या बोटाचा ठसा. कलकत्त्याच्या कार्यालयात जुन्या कैद्यांचे ठसे जमवलेले होते. त्यात कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी तो जुळला. याच व्यवस्थापकाच्या तक्रारीवरून तो आधी चोरीसाठी तुरुंगात जाऊन आलेला. आजच्या वाहिनीवाल्यांनी त्याला त्याच रात्री फासावर चढवला असता. कोर्टानं काय केलं? चोरीसाठी शिक्षा दिली आणि खुनातून सोडलं. खून करताना कुणी पाहिलं नव्हतं. ठशावरून पेटीला हात लावल्याचं कळतं, गळा कापल्याचं नाही.

सव्वाशे वर्षं झाली. एवढंही आपल्या डोक्यात शिरलेलं नाही.

ठसा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: इथे कुणाचं बोट लागलं? कधी लागलं, हे खात्रीनं सांगणारी पद्धत आजही नाही. मुख्य दारावर दूधवाल्याचा ठसा सापडला तर त्याचं मोल शून्य. तोच ठसा न्हाणीघराच्या खिडकीतून उपसलेल्या काचेच्या पट्टीवर सापडला, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बोटं, तर मात्र दूधवाल्याला बोलवावं लागेल, कारण काच धरून ओढल्याशिवाय तशी पकड उमटत नाही. जागा आणि पकड पाहायची असते. पंचांगावरच्या ठशाला वजन आलं ते यामुळेच: बंद पेटीतली वस्तू, आणि ठसा रक्तातला. रक्त ओलं असतानाच बोट लागलं, म्हणजे वेळही कळली. इतका नशीबवान ठसा क्वचित मिळतो.

बाकीचे कसे असतात? ठसा म्हणजे बोटाचा घाम, आणि घाम म्हणजे बहुतेक पाणीच. थोडे क्षार, अमिनो आम्लं, आणि चेहऱ्याला-केसांना हात लावल्यानं आलेलं तेल. कपाटाच्या मुठीवर रोज दहा हात पडतात, तिथे ठशावर ठसा चढून चिखल होतो. मे महिन्यात ठसा सुकून जातो, तो दिसावा म्हणून मारलेली पावडर धरतच नाही. पावसाळ्यात ओल्या लोखंडावर पावडर मारली तर लगदा होतो; आधी पृष्ठभाग आपोआप सुकू द्यायचा, नाहीतर ओल्यावर चालणारं कणांचं द्रावण फवारायचं. आणि पावडर मारण्याआधी फोटो. कॅमेरा काटकोनात, शेजारी मोजपट्टी. कारण ब्रश हे सगळ्यात धोक्याचं हत्यार आहे. टोकाला जेमतेम पावडर लावून, रेषांच्या कलानं फिरवायचा. हात जड पडला की रेषांमधल्या खाचा भरतात आणि हाती काळा गोळा येतो.

कागदावर तर पावडर शक्यतो नकोच. घाम कागदात मुरतो, म्हणून निनहायड्रिन हे रसायन लावायचं. अमिनो आम्लांशी मिळून जांभळ्या रेषा उमटतात, उष्णता आणि दमटपणा दिला की लवकर. पण कागद भिजला असेल तर अमिनो आम्लं धुऊन गेली, मग निनहायड्रिन व्यर्थ. प्लास्टिक आणि गुळगुळीत धातूला बंद पेटीत सुपरग्लूची वाफ देतात, ठशावर पांढरा थर बसतो. क्रम चुकला तर एका उपायानं दुसऱ्याची वाट लागते. पुन्हा करून बघण्याची सोय नाही.

आणि मालिकांमधला तो रुमाल! पिस्तूल दिसलं की साहेब खिशातून रुमाल काढून उचलतात. अहो, रुमालानं भांडी पुसतात. जे काही होतं ते तिथेच पुसलं गेलं. नळीत पेन घालून उचलणारे त्याहून थोर, आतला बारूदचा अंश खरवडला जातो. हातमोजे घालून, जिथे कुणी सहसा धरत नाही अशा खडबडीत कडेला धरून उचलायचं, एवढं साधं आहे.

मान्य, पोलिसांकडे माणसं कमी आहेत आणि ठसेतज्ज्ञ पोचेपर्यंत अर्धा मोहल्ला घरातून फिरून गेलेला असतो. मान्य. पण दाराला दोरी बांधायला तज्ज्ञ लागत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आणि चित्रीकरण करायचं असं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत. चांगलंच आहे. तोवर आणि त्यानंतरही खटला पडणार तो पंचनाम्यात. पाकिटावरचा क्रमांक एक, पंचनाम्यातला दुसरा. प्रयोगशाळेत पोचलेलं सील नमुन्याशी जुळत नाही. मधले काही दिवस मुद्देमाल कुठे होता याची नोंदच नाही. बचावाच्या वकिलाला ठशाला हातही लावावा लागत नाही.

"मग डीएनए करा ना!" हे पुढचं वाक्य असतंच. जर्मनीत २००७ साली हाइलब्रॉन शहरात एका पोलीस महिलेचा खून झाला. तिथे सापडलेला एका बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या डझनावारी गुन्ह्यांत सापडत होता. वर्षानुवर्षं त्या बाईचा शोध चालला. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा डीएनए होता तो. काड्या निर्जंतुक होत्या. निर्जंतुक केल्यानं जंतू मरतात, डीएनए नष्ट होतोच असं नाही. म्हणून प्रत्येक वेळी एक कोरी काडी वेगळी पाठवायची असते. आणि रक्ताचा कपडा ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचा नाही. सावलीत वाळवून कागदी पाकिटात. बुरशी धरली की संपलं.

ठसेतज्ज्ञही देव नाहीत. २००४ च्या माद्रिद स्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा एफबीआयच्या तज्ज्ञांनी अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या एका वकिलाचा ठरवला, कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञानंही होकार दिला. ठसा निघाला एका अल्जेरियन माणसाचा. स्पेनचे पोलीस आधीपासून नाही म्हणत होते. कोट्यवधी ठशांच्या साठ्यात संगणक शोधतो तेव्हा दिसायला खूप जवळचे, पण दुसऱ्याच माणसाचे ठसे वर येतात. तिथे शांतपणे नाही म्हणणारा माणूस लागतो.

राग थोडा उतरला. पंचांगाकडे परत येतो, कारण तो अंगठा शोधणं सोपं नव्हतं. दहा बोटांच्या पाच जोड्या, भोवरा म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषांची नक्षी कुठल्या बोटावर आहे त्यावरून आकडे, आणि त्यातून १०२४ गट. संगणक नसताना एक कार्ड त्यामुळे हाताशी येत होतं. या गणितामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन बंगाली पोलीस अधिकारी होते. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं, बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचं. आज किती जणांना हे दोघे माहीत आहेत? वाहिनीवर एखादा मिनिट मिळावा त्यांना.

"आधारवरून का शोधत नाहीत?" असं लिहिणाऱ्यांसाठी: आधार कायदा बोटांचे ठसे अशा तपासाला द्यायला मनाई करतो. तिथे वाद घालू नका, कायदा वाचा.

घरी चोरी झालीच तर कपाट बंद करू नका, पंखा लावू नका, फुटलेली काच झाडू नका. तज्ज्ञ आले आणि घरच्या सगळ्यांचे, कामवाल्या मावशींचेही ठसे मागितले तर "आम्हीच चोर का?" म्हणून भांडू नका. तुमचे वगळल्याशिवाय उरलेला कुणाचा हे कळणार कसं?