मेरेडिथने छपाई सोडली कधी?

उद्योजकांच्या ग्रुपवर एक यशोगाथा फिरते आहे. अमेरिकेत शेती आणि घरसंसाराची मासिकं काढणाऱ्या मेरेडिथने काळाची पावलं ओळखून छपाईवर पाणी सोडलं, आधी टीव्ही आणि मग इंटरनेट धरलं, आणि ती बलाढ्य माध्यम कंपनी झाली. तेव्हा मराठी मासिकवाल्यांनीही हाच कित्ता गिरवावा, असा सल्ला शेवटी जोडलेला असतो. या सल्ल्यावर विसंबून कुणी चांगलं चाललेलं मासिक बंद करू नये, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला दावा, छपाई सोडून टीव्ही धरला. एडविन मेरेडिथ यांनी १९०२ मध्ये आयोवातल्या डे मॉइनमधून ‘सक्सेसफुल फार्मिंग’ सुरू केलं. १९२२ मध्ये घर आणि बागेचं मासिक आलं, तेच दोन वर्षांनी ‘बेटर होम्स अँड गार्डन्स’ झालं. कंपनीने सिरॅक्यूजमध्ये पहिलं टीव्ही केंद्र काढलं ते १९४८ साली. तेव्हा हे मासिक लाखोंच्या घरात खपत होतं. टीव्ही आला तो मासिकाच्या जोडीला. त्यानंतरही छापील मासिकं विकत घेणं थांबलं नाही: १९८६ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’, २००५ मध्ये ‘पेरेंट्स’ आणि ‘फॅमिली सर्कल’. छपाईवर पाणी सोडणारा माणूस असा खर्च करत नाही.

दुसरा दावा, माध्यम बदललं म्हणून वाढ झाली. इथे १९३० चं त्यांचं पाककृतींचं पुस्तक बघावं. ते कड्यांच्या फाइलसारखं बांधलेलं होतं. पान काढून ओट्यावर ठेवा, काम झालं की परत अडकवा, स्वतःच्या पाककृती मध्ये घाला. घरातली बाई पुस्तक नेमकं कसं वापरते, हे ज्याने पाहिलंय त्यालाच हे सुचतं. २०१२ मध्ये घेतलेली ‘ऑलरेसिपीज’ ही वेबसाइटही वाचकांनी पाठवलेल्या पाककृतींवरच उभी होती. वाढ झाली ती वाचकाच्या या ओळखीच्या बळावर.

टीव्हीने पैसा दिला, हे मात्र खरं आणि ते मान्यच करायला हवं. २०२१ मध्ये कंपनीची १७ केंद्रं ग्रे टेलिव्हिजनने सुमारे २.८ अब्ज डॉलरला घेतली. उरलेली सगळी मासिकं आणि वेबसाइट्स मिळून सुमारे २.७ अब्जांना गेल्या.

आणि इथेच तिसरा दावा कोसळतो, की ती आज बलाढ्य आहे. स्वतंत्र मेरेडिथ आज उरलेलीच नाही. २०१८ मध्ये तिने २.८ अब्ज डॉलरना टाइम इन्कॉर्पोरेटेड ही मोठी मासिक कंपनी गिळली आणि अंगावर मोठं कर्ज घेतलं. त्या कंपनीच्या ‘टाइम’, ‘फॉर्च्युन’, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ यांचा वाचक मेरेडिथचा नव्हता. ती तिन्ही नावं पुढच्या वर्ष-दीड वर्षात विकून टाकली. ‘पीपल’सारखी काही ठेवली. ‘फॅमिली सर्कल’ २०१९ अखेर बंद झालं, आणि दोन वर्षांनी उरलेला मासिकांचा व्यवसाय डॉटडॅश या वेबसाइट्स चालवणाऱ्या कंपनीच्या हाती गेला.

नव्या मालकांनी २०२२ मध्ये सहा मासिकांची छपाई थांबवली. त्यात ‘पेरेंट्स’ होतं, ‘एंटरटेनमेंट वीकली’ होतं. ‘बेटर होम्स अँड गार्डन्स’ नव्हतं.