गाडी चालूच आहे, काका!

पुण्यात गाडी चालू झाली की नाही हे डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी ठरवतात. आमची पिढी चेतकवर वाढली. 1972 पासून आकुर्डीहून निघालेली ती स्कूटर सकाळी तिरकी करायची, चोक ओढायचा, किकवर किक मारायच्या, आणि अख्ख्या वाड्याला कळेल असा फटफटाट झाला की मगच घरातून डबा बाहेर यायचा. 2020 मध्ये तीच चेतक विजेवर होऊन परत आली, पण आमचे कान जुनेच राहिले. त्यामुळे सोसायटीत गोल्फ कार्ट आली तेव्हा ती चालवण्याची अडचण नव्हतीच. अडचण होती ती चालू झालीय हे लोकांना पटवण्याची.

सोसायटी बाणेरला, टेकडीच्या अंगाला. गेटपासून मागच्या विंगपर्यंतचा चढ असा की मंडईहून आलेला माणूस मध्येच कठड्यावर टेकतो आणि पिशवीतली एक काकडी संपवून मग उठतो. म्हणून वार्षिक सभेत ज्येष्ठांसाठी सहा आसनांची, जुनी पण धडधाकट अशी बॅटरीवरची कार्ट घ्यायचं ठरलं. ड्रायव्हर ठेवला तर मेंटेनन्स वाढेल, असं खजिनदार म्हणाले मात्र, सभेत सेवाभावाची एकच लाट उसळली आणि ती नेमकी माझ्या अंगावर फुटली. मी नुकताच रिटायर झालेला, लायसन्सची मुदत शिल्लक, आणि सभेला पहिल्या रांगेत बसायची खोड. ठराव सर्वानुमते मंजूर. त्या 'सर्वां'त मी नव्हतो, पण इतिवृत्तात तसं लिहीत नाहीत.

गाडी तशी सोपी आहे. आधी चार्जरची पिन काढायची. ती लावलेली असेल तर कार्ट हलतच नाही आणि तेच बरं, नाहीतर आमच्यातला कोणीतरी भिंतीतल्या सॉकेटसकट गेटवर पोचला असता. मग किल्ली फिरवायची. इथे काहीही होत नाही. काहीही न होणं हेच बरोबर आहे. सीटजवळचा खटका पुढच्या बाजूला करायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा. सीटखालून सॉलेनॉइडचा, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा, बारीकसा 'टक्' येतो आणि गाडी निघते. ब्रेकच्या पॅडलचा वरचा भाग दाबला की पार्किंग ब्रेक अडकतो, ॲक्सिलरेटर दाबला की तो आपसूक सुटतो. बस्स. पण त्याआधी हे पार पाडावं लागतं:

"चालू कर ना रे."

"चालू आहे, काका."

"कुठंय? आवाज तर नाही."

"बॅटरीची आहे. उभी असताना आवाज नसतो."

"एकदा बंद करून बघ बरं."

मी किल्ली बंद करतो, परत फिरवतो. मघाशी जशी शांत होती तशीच आताही शांत. काका मान डोलावतात. "हां, आत्ता झाली."

खजिनदारांनाही एकदा हौस आली. या गाडीला क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला काही कामच नाही. पण चाळीसेक वर्षं क्लचवर राबलेल्या पायाला तो निवृत्त झाल्याचं कोण सांगणार? वळणावर त्यांनी सवयीने डावा पाय कचकन दाबला, खाली होता ब्रेक. पुढच्या सीटवरचे आजोबा डॅशबोर्डला नमस्कार करून परत जागेवर आले. मागच्या, उलट्या तोंडाच्या सीटवरच्या काकू म्हणाल्या, "काय झालं?" त्या सीटवर सगळं उशिरा दिसतं, मतं मात्र वेळेवर असतात.

एका रविवारी गाडी हलेचना. किल्ली चालू, खटका पुढे, ॲक्सिलरेटर तळापर्यंत. 'टक्' सुद्धा नाही. पाचच मिनिटांत तज्ज्ञ समिती जमली. भोसरीच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले ए विंगचे काका वाकून म्हणाले, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार."

"याला कार्ब्युरेटर नाही, काका."

"नाही? मग साफ कसा करता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणी धक्का मारून बघू म्हणालं, आणि गंमत म्हणजे धक्क्याने गाडी अगदी लोण्यासारखी सरकली. सगळे ढकलण्यावर खूश. एवढ्यात सचिवांची सहा वर्षांची नात पुढे आली. "आजोबा, सीट उचला ना. लपाछपी खेळताना मी तिथलं बटण खाली केलं होतं." सीटखाली खरंच दोन शब्दांची पाटी होती, 'रन' आणि 'टो'. ओढून न्यायची असली की टोवर ठेवायचं. मग मोटरचा संबंधच तुटतो. बटण वर केलं, गाडी निघाली. "कचरा निघाला असेल धक्क्याने," काका म्हणाले.

बॅटऱ्या आठ-आठ व्होल्टच्या सहा, मिळून अठ्ठेचाळीस. लेड-ॲसिड जातीच्या, म्हणून त्यांना डिस्टिल्ड वॉटर लागतं, आणि तेही चार्जिंग झाल्यावर घालायचं. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना फुगून ॲसिड बाहेर येतं. (प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं आधी.) डिस्टिल्ड वॉटरचं बिल बघून काकू कळवळल्या. "आमच्या आरओचं पाणी काय वाईट आहे?" लगेच दुसरीकडून, "आरओ कशाला? खडकवासल्याचं पाणी आहे. आख्खं पुणं पितं, बॅटरीला बाधणार आहे का?" नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांची वाट लावतात, हे सांगितल्यावर तो खडकवासल्याचा अपमान ठरला.

दसऱ्याला मात्र माझाच आवाज चढला. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, सगळं रीतसर. वॉचमनने भक्तिभावाने सीट उचलली, कारण शक्ती तिथेच असते, आणि रात्रभर चार्ज झालेल्या बॅटऱ्यांच्या टोपणांवर अगरबत्तीचा पुडा पेटवून ओवाळायला निघाला. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो. मी धावत जाऊन अगरबत्त्या हिसकावल्या. अजूनही काही घरांत मी नास्तिक म्हणून ओळखला जातो.

सध्या समितीपुढे सी विंगमधून आलेलं पत्र आहे. कलम एक : गाडीचा आवाज येत नाही, ती पाठीमागून येऊन उभी राहते, दचकायला होतं. कलम दोन : रिव्हर्स घेताना गाडी बीप-बीप करते, दुपारची झोप मोडते. खाली सही एकच. दोन तास चर्चा होऊन कार्टला घुंगरू बांधायचं ठरलं, बीप बंद करायचा. घुंगरू आणलेत, ते माझ्या घरी पडून आहेत. बिल 'वाहन दुरुस्ती'त टाकायचं की 'सांस्कृतिक कार्यक्रम'मध्ये, यावर खजिनदार आणि ऑडिटर यांचं अजून जमत नाहीये.