गाडी पोहून आलीय

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या मनात आपली काय किंमत आहे ते त्याच्या चहावरून कळतं. गाडी घेताना मला वेलची घातलेला स्पेशल आला, सोबत क्रीमरोल. "डॉक्टरची गाडी आहे सर. सिंगल ओनर. घर ते दवाखाना, बास." (पुण्यात विकायला उभी असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. वकील लोक आपल्या गाड्या कुठे विकतात कोण जाणे.) नंबर एमएच-१०, मीटरवर ३८ हजार, किंमत ३ लाख ४० हजार. "नवीच समजा!" सांगलीचा डॉक्टर म्हणजे गाडी जपलेली असणार, असं म्हणत हिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं.

पहिल्या आठवड्यात एसीतून ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. दुसऱ्या आठवड्यात हॉर्न दाबला की वायपर फिरू लागले. तिसऱ्यात खंबाटकी घाटात गाडी तापली आणि आडवी बसली. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून माझ्या तीन पिढ्यांची आठवण काढली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. त्यांनी सीटचा पट्टा ओढला. आपण ओढतो तेवढा नाही, पार मुळापर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग डिकीतली स्टेपनी उचलली. खाली वाळलेला गाळ, उन्हातल्या पापडासारखा भेगाळलेला. चिमूटभर बोटांत चोळून ते म्हणाले, "सर, गाडी पोहून आलीय."

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा गेली होती ५७ फुटांवर. डॉक्टरांनी गाडी घर ते दवाखानाच वापरली असेल हो, पण मध्ये कृष्णा आली.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा साधा चहा आला. "सर, जुनी गाडी म्हटल्यावर थोडं इकडे-तिकडे चालायचंच." तीन आठवड्यांपूर्वी नवी समजायची होती ती! पुढच्या खेपेला अर्धा कप. शेठ बाहेरगावी गेले होते. त्यांच्या मोबाइलवरची आरती मात्र आतल्या केबिनमध्ये वाजत होती. त्याच्या पुढच्या खेपेला जारचं पाणी आणि माझीच पावती समोर आली. तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, 'गाडी आहे त्या स्थितीत विकली.' शेठ हळहळले, "वाचलं नाहीत सर? तुम्ही तर शिक्षक!"

हे लागलं. 'प्रश्न नीट वाचा' असं लाल शाईनं लिहिण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत.

लेकीनं १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावून दिला. गाडी बुडाली त्याच वर्षी ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा संसदेत मंजूर झाला, हा योगायोग मला भलताच आवडला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत. मी नोटीस लिहिली. सोबत पट्ट्याचा फोटो, मिस्त्रींच्या अक्षरातला गाळाचा अहवाल आणि शेठचाच व्हॉट्सॲप मेसेज, 'पुराची नाही, माझी जबाबदारी.' पंधरा दिवसांची मुदत देऊन पोचपावतीनं धाडली.

तेराव्या दिवशी फोन आला. "सर, चहाला या की!"

वेलची होती. क्रीमरोलही होता. शेठनी पंधरा हजार 'वापराचे' कापायचं काढलं. मी म्हटलं, "वापरली कुठे, ढकलली." शेवटी दहावर तुटलं. बँकेचा मेसेज येईपर्यंत किल्ली मुठीतून सोडली नाही. आरसी अजून डॉक्टरांच्याच नावावर होती. ट्रान्स्फरची कटकट त्यांच्या आळसानं वाचवली.

परवा भाजी घेऊन त्याच रस्त्यानं येत होतो. गाडी पुसून-पासून उभी, काचेवर पाटी: 'शिक्षकाची गाडी. एकहाती वापर.' शेजारी एक तरुण जोडपं चहा पीत होतं. मला बघताच शेठ हात हलवून ओरडले, "या या! हे काय, मालकच आले. विचारा सरांना!"

जोडप्यानं वळून पाहिलं. मी पिशवी खाली ठेवली.

"पट्टा ओढून बघा," मी म्हटलं, "पार मुळापर्यंत."