‘नगरसेवकांच्या समित्या बरखास्त करा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘नगरसेवकांच्या समित्यांचं सत्य, जे तुम्हाला कुणी सांगणार नाही’ या शीर्षकाचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: महापालिकेत सगळं आयुक्त ठरवतात, समित्यांना शून्य अधिकार असतात. स्थायी समितीचा (म्हणजे महापालिकेच्या खर्चाला, कंत्राटांना मंजुरी देणाऱ्या समितीचा) सदस्य पाच वर्षं लाखांनी पगार घेतो. कुठल्या समितीवर बसायचं हे नगरसेवक स्वतःच ठरवतो. समितीत अडकलेला प्रत्येक विषय टक्केवारीसाठीच, म्हणजे कंत्राटातल्या लाचेच्या हिश्शासाठीच, अडकलेला असतो. प्रभाग समिती म्हणजे नुसता चहा-बिस्किटांचा कार्यक्रम. शिक्षण मंडळावर बसून नगरसेवक शिक्षकांच्या बदल्या करतात. आणि शेवटी, प्रशासकाच्या काळात, म्हणजे निवडून आलेले नगरसेवक नसताना, समित्या नव्हत्या तरी शहरं उत्तम चालली, तेव्हा त्या कायमच्या बरखास्त करा.

एरवी असा मजकूर मी वाचून सोडून देते. पण हा माझ्या वहिनीपर्यंत पोचला. तिच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर पावसाळ्यापासून तुंबतंय. गल्लीतल्या बायकांनी मिळून प्रभाग समितीला द्यायचा अर्ज तयार केला होता, सह्याही झाल्या होत्या. हे वाचल्यावर वहिनीनं तो अर्ज कपाटात ठेवून दिला. “अगं, समितीला काही अधिकारच नसतात म्हणे, मग हेलपाटे कशाला घालायचे?” असं ती मला फोनवर म्हणाली आणि माझा संयम सुटला.

आधी ‘शून्य अधिकार’. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. राज्यातल्या बाकी महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ वर चालतात. त्याच्या कलम ४ मध्ये महापालिकेचा कारभार चालवणारे प्राधिकारी कोण ते सांगितलंय, आणि त्या यादीत आयुक्तांबरोबर स्थायी समितीही आहे. ठरावीक रकमेवरचं कंत्राट आयुक्त एकट्याच्या सहीनं देऊ शकत नाहीत, स्थायीची आधी मंजुरी लागते. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, पण ते आधी स्थायीपुढे जातं. स्थायी त्यात फेरबदल करते आणि मग ते मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, येतं. मुख्य लेखापरीक्षक हिशेब तपासून अहवाल देतो तोही स्थायी समितीलाच. हे कुणाचं मत नाही, कायद्याचा मजकूर आहे, आणि तो कुणालाही वाचता येतो.

कागदावरचा अधिकार प्रत्यक्षात चालतो का, हे बघायचं असेल तर आरे आठवा. २९ ऑगस्ट २०१९ ला मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडांचा प्रस्ताव आला. त्यातली २,१८५ तोडायची होती आणि ४६१ दुसरीकडे लावायची होती. हे प्राधिकरण १९७५ च्या झाडांच्या कायद्यानं आलेलं आहे. त्याचे अध्यक्ष आयुक्त असतात, सदस्यांत नगरसेवक आणि तज्ज्ञ असतात. त्या दिवशी मतदान झालं. बाजूनं ८, विरोधात ६. दोन मतं इकडची तिकडे गेली असती तर प्रस्ताव त्या दिवशी पडला असता. ४ ऑक्टोबरच्या रात्री तिथे करवती चालल्या, त्यांच्यामागे या बैठकीतली मंजुरी होती. कारशेड तिथे हवं होतं की नको यावर तुमचं मत काहीही असो, त्या खोलीतल्या हातांना किंमत नव्हती असं कुणी म्हणू नये.

आणि याच मजकुरात चार ओळी खाली टक्केवारीचा आरोप आहे. मला कळत नाही, लिहिणाऱ्यानं स्वतःचं लिखाण एकदा तरी वाचलं का? समितीला शून्य अधिकार असतील तर तिला टक्केवारी देईल कोण, आणि कशासाठी? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

टक्केवारीचा आरोप मात्र साफ खोटा म्हणता येत नाही, हे कबूल करावंच लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या स्थायी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं अटक केली होती, हे सगळ्यांनी वाचलंय. स्थायीवर जाण्यासाठी पक्षांत जी रस्सीखेच चालते, ती निव्वळ लोकसेवेच्या ओढीनं चालते असा माझा दावा नाही. आयुक्तांचं पारडं जड असतं हेही खरं. त्यांना राज्य सरकार नेमतं, अंमलबजावणी त्यांच्या हातात असते, आणि कलम ४५१ खाली सरकार महापालिकेचा ठराव निलंबित करू शकतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईच्या सभागृहानं आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमतानं अविश्वास ठराव मंजूर केला, तरी ते पुढचे काही महिने त्याच खुर्चीवर होते. पण ‘अधिकार अपुरे आहेत’, ‘अधिकारांचा गैरवापर होतो’ आणि ‘अधिकारच नाहीत’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्या दोन्हींवर भांडायला मी तुमच्याबरोबर येईन.

पगाराचं लवकर आटपते. समितीवर गेल्याचा वेगळा पगार नसतो. नगरसेवकाला मानधन मिळतं. २०१७ मध्ये ते वाढवलं तेव्हा मुंबईत महिना २५ हजार आणि बाकी ठिकाणी महापालिकेच्या वर्गानुसार १० ते २० हजार रुपये ठरलं. सभेचा भत्ता मिळतो तो किरकोळ. ‘पाच वर्षं’ हेही चूक. कलम २० प्रमाणे स्थायीवर सोळा सदस्य असतात आणि दर वर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणते आठ जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. पक्षानं पुन्हा नाव दिलं तर परत येता येतं, पण खुर्ची आपोआप टिकत नाही.

समिती स्वतः निवडण्याबद्दल. ज्यानं हे लिहिलं त्यानं मुख्य सभेतली ही निवड कधी पाहिलेली दिसत नाही. कलम ३१अ प्रमाणे पक्षांच्या आणि गटांच्या संख्याबळाच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. गटनेता बंद पाकिटात नावं देतो, महापौर ती सभागृहात वाचून दाखवतात. आपलं नाव पाकिटात आहे की नाही हे कित्येक नगरसेवकांना तेव्हाच कळतं. पाणीपुरवठ्याचा, आरोग्याचा अभ्यास असलेला माणूस पाच वर्षं बाहेर राहतो आणि नेत्याच्या मर्जीतला आत जातो, ही खरी तक्रार आहे. फॉरवर्डमध्ये तिच्यावर एक ओळ नाही.

आता प्रभाग समिती, कारण माझा जीव इथे अडकलाय. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. तिनं तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. आपल्या १९४९ च्या कायद्यात ते कलम २९अ आहे. ते वाचा. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, स्वच्छता, पावसाचं पाणी वाहून जाणं, या नेहमीच्या सेवांबद्दलच्या नागरिकांच्या तक्रारी लवकर सोडवणं हे या समितीचं काम म्हणून लिहिलंय. प्रभागाच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यावर शिफारशी करणं हे दुसरं. आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर आपल्या हद्दीतल्या ५ लाखांपर्यंतच्या कामाला प्रशासकीय आणि आर्थिक मंजुरी देणं हे तिसरं. वहिनीच्या गल्लीतलं चेंबर आणि त्याला जोडणारी थोडी लाइन, हे याच पल्ल्यातलं काम आहे.

समितीत त्या हद्दीतले सगळे नगरसेवक असतात, क्षेत्रीय अधिकारी असतो, आणि स्वयंसेवी संस्थांतले जास्तीत जास्त तीन नागरिक घेता येतात. म्हणजे वहिनीसारख्या बाईला ज्या टेबलावर बसता येईल असं महापालिकेतलं हे एक टेबल. कित्येक शहरांत या तीन जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवतात किंवा कार्यकर्त्यांनी भरतात. बैठका उरकल्या जातात, हेही मी पाहिलंय. पण बैठकीत जो अर्ज कार्यपत्रिकेवर येतो त्याचं इतिवृत्त होतं. ‘कनिष्ठ अभियंत्यांनी पाहणी करून पुढील सभेत अहवाल द्यावा’ एवढी एक ओळ त्यात आली तरी अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते मागायला नागरिकाच्या हातात तारीख आणि विषय क्रमांक येतो. नुसत्या फोनवर हे मिळत नाही. चहा-बिस्किटांचा कार्यक्रम म्हणून लोकांनी पाठ फिरवली की तो तसाच होत जातो, आणि असले मजकूर नेमकं तेच घडवून आणतात.

सगळ्यात घातक मुद्दा प्रशासकांचा. २०२२ पासून मुंबई, पुण्यासह एकेका महापालिकेची मुदत संपत गेली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होईपर्यंत तिथे प्रशासक होते. बहुतेक ठिकाणी आयुक्त हेच प्रशासक. आता वर सांगितलेली साखळी पुन्हा लावून बघा. प्रस्ताव आयुक्तांचा, त्याला मंजुरी देणारी स्थायी समिती म्हणजे तेच, आणि तिच्यावरची मुख्य सभा म्हणजेही तेच. अंदाजपत्रक आयुक्त सादर करतात आणि प्रशासक म्हणून स्वतःच स्वीकारतात. लेखापरीक्षकाचा अहवाल ज्यांच्या कारभारावर, त्यांच्याच टेबलावर. प्रश्न विचारायला समोर कुणी नाही. ही व्यवस्था वेगवान वाटते, कारण नाही म्हणणारं माणूसच त्यात ठेवलेलं नाही.

तरीही वेगाचंच बघायचं तर मुंबईतले रस्ते बघा. २०२३ च्या सुरुवातीला, सभागृह नसताना, सुमारे ६ हजार कोटींची काँक्रिटीकरणाची कामं पाच कंत्राटांत दिली गेली. त्यातल्या दक्षिण मुंबईच्या कंत्राटात काम पुढे सरकेना आणि शेवटी ते रद्द करावं लागलं. समिती असती तर हे घडलंच नसतं, असं मी म्हणणार नाही. समित्यांनी याहून वाईट कंत्राटं डोळे मिटून मंजूर केलेली आहेत. पण समिती असती तर तो विषय कार्यपत्रिकेवर आला असता, विरोधी सदस्यानं उपसूचना दिली असती, विषय एखाद्या आठवड्यासाठी तहकूब झाला असता, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘कोण विरोधात होतं’ हे छापून आलं असतं. पुढच्या निवडणुकीत ते नाव आपल्याला आठवलं असतं. आरेच्या वेळी तसंच झालं, कुणी कुठे मत दिलं हे सगळ्या शहराला माहीत होतं. प्रशासकाला आपण कुठल्या निवडणुकीत पाडणार? त्याची बदली होते आणि तो दुसऱ्या शहरात जातो. हे ज्यांना सुशासन वाटतं त्यांनी आपल्या भागातल्या एखाद्या निर्णयाचं कारण त्या चार वर्षांत कुणाला विचारता आलं, ते सांगावं.

राहिली मंडळं. शिक्षण मंडळांचा आधार असलेला १९४७ चा कायदा २०१३ मध्येच रद्द झाला आणि मुदती संपत गेल्या तशी मंडळं गेली. फॉरवर्ड लिहिणाऱ्यापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. तक्रार करायचीच होती तर स्मार्ट सिटी कंपन्यांची करायची. २०१५ च्या त्या योजनेत राज्य सरकार आणि महापालिका यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या कंपन्या काढल्या. संचालक म्हणून महापौर, स्थायीचे अध्यक्ष असे मोजके लोक पदामुळे बसले आणि त्यांच्याभोवती अधिकारी. त्या पैशांतली कामं कंपनीच्या संचालक मंडळात ठरली, स्थायीच्या कार्यपत्रिकेवर ती यायची गरजच नव्हती. ज्या प्रभागात रस्ता खणला जायचा, तिथल्या नगरसेवकाला मंडळाच्या बैठकीत जाऊन विचारायची सोय नव्हती. समित्या बाजूला काढल्या की काय होतं याचा हा नमुना प्रशासक येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्यासमोर आहे.